हात जागेवर

सलमाबादला टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर
शुक्रवारी दुपारी आम्ही रोबो शिकतो.
मी शिकवतो, असं दारावरच्या कागदावर आहे.
एरवी आठवडाभर मी चिलरचे व्हॉल्व्ह सांभाळतो.

पहिला प्रोग्राम जोएलचा : एकच फाईल, बाराशे ओळी,
जर-च्या पोटात जर, त्याच्याही पोटात जर.
मला गुदैबियातली जुनी खोली आठवली,
आठ जणांत एक दोरी,
आपला लेंगा ओढला की शेजाऱ्याचा पडायचा.
इथे चाकांचा वेग वाढवला
की पंजा उघडायचा.
का, ते जोएललाही सांगता येईना.

म्हणून आधी खोल्या पाडल्या.
चाकं वेगळी, हात वेगळा, पंजा वेगळा,
ज्याची मोटर त्याच्या कडीआड.
बाहेरच्याने आत बोटं घालायची नाहीत,
दाराशी उभं राहून सांगायचं : वर जा. पकड. सोड.
आणि सांगण्याआधी कबूल करायचं
मला काय काय लागणार ते.
हात एका वेळी एकाच हुकमाचा.
दुसरा आला तर पहिल्याने निघायचं,
कुरकुर नाही, नोटीस नाही.
मध्ये एक मुकादम,
सेकंदाला पन्नास वेळा हजेरी घेतो :
तुझं झालं? तुझं? बरं, चालू दे.
माझ्या ओळखीचे मुकादम दिवसातून दोनदाच घेत.

हजेरी म्हटल्यावर लुलवाने मान वर केली.
हा आमचा शब्द.
हुकूमसुद्धा, मी म्हणालो.
ती म्हणाली, तो निकाल. कोर्टातला.
काम सांगायचं तर आम्ही अम्र म्हणतो.
घाटपांड्यांच्या ऋजुताने फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले
आणि फाईलमध्ये इंग्रजीच ठेवलं.

मग हुकूम एकामागून एक ओवले,
हात वर, थोडं पुढे, पंजा सोड.
तीनदा जमलं.
चौथ्यांदा हात अर्ध्यावर असताना
जोएलने लाल बटण दाबलं, उगाच, बघू या म्हणून.
हात कोसळला तो ऋजुताच्या डब्यावर.

पण मी शेवटी थांब लिहिलं होतं,
लुलवा रडवेली.
पाहिलं तर खरंच लिहिलं होतं :
काम पुरं होवो की मध्येच तुटो,
मोटर शून्य.
म्हणूनच पडला.

हे नीट सांगता येईना, तेव्हा
बावीस नंबरचा पाना तळहातावर घेऊन
मी हात आडवा धरला. मी काय करतोय?
काहीच नाही, तिघं म्हणाली.
दोन मिनिटांनी विचारा.
दीड मिनिटात दंड थरथरू लागला,
आणि ऋजुताने हळूच
पाना उचलून घेतला.

कुणाचाच हुकूम नसेल
त्या वेळेसाठीही हाताला एक काम लिहून ठेवावं लागतं :
आहेस तिथे राहा.
त्याला किती लागतं, ते आम्ही मोजत बसलो.
शून्य पूर्णांक दोन व्होल्ट, घसरतो.
सहा, चढायला लागतो.
पाच, तरी चढतोच, गोगलगायीसारखा.
चार.
कुणी बोललं नाही. खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर
भरून आपोआप बंद झाला.
हात हवेत, ना वर ना खाली,
कान लावला तर बारीक गुणगुणत होता.

मधेच राजापूरहून भावाचा फोन.
काय विशेष?
काही नाही रे, आहे तिथेच.
एकोणीस वर्षं हेच सांगतो, आणि तो म्हणतो
मग बरंय तुझं.

निघताना लुलवाने हात सावकाश खाली आणला,
खाली घरून आणलेली उशी सारली
आणि मग मुख्य बटण बंद केलं.
ऋजुता चेपलेलं झाकण गुडघ्यावर ठोकून सरळ करत होती.
जिन्यात जोएलने विचारलं,
चाकांना का नाही लागत असं काही?

सपाट जमिनीवर नाही लागत, मी म्हणालो.